सेनापती राहू दे, आधी गॉब्लिन रंगवा

फँटसी मिनिएचर रंगवणाऱ्या मंडळींशी माझं एक जुनं भांडण आहे. क्लबात तोंडी बरेचदा झालंय, आज लेखी करते. ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांनी लगेच पुढे सरकू नका. आधी थोडी ओळख करून देते, नाहीतर भांडण कशावरून आहे तेच कळायचं नाही.

तर खेळ असा. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, उंची साधारण २८ मिलिमीटर. माणसं, परीकथांतले एल्फ, बुटके, ऑर्क, हिरव्या कातडीचे छोटे गॉब्लिन, सांगाडे, दोन पायांवर चालणारे उंदीर. हे तयार मिळत नाहीत. हात, ढाली, मुंडकी सगळं प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेलं येतं. ते कटरने सोडवायचं, कडा खरवडायच्या आणि चिकटवायचं. यासाठीचा गोंद प्लास्टिक किंचित वितळवतो, त्यामुळे हात एकदा बसला की बसला. मग रंग. मग सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, इंचांची टेप आणि मूठभर फासे. पटावर घरं नसतात. तुकडी किती इंच चालली, समोरच्याच्या बाजूवर चाल करून गेली की तोंडावर, डोंगरामागचा तिरंदाज दिसतो की नाही, हे सगळं मोजून ठरतं. दोघांनी आधी गुण ठरवायचे, समजा दोन हजार, आणि तेवढ्यात बसेल असं सैन्य आणायचं. ड्रॅगनवर बसलेला सेनापती एकटाच शेकडो गुण खातो. गॉब्लिन दोन-तीन गुणांना एक.

हे खूळ आजचं नाही. प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १८२४ च्या सुमारास क्रीगश्पील नावाचा युद्धखेळ उचलला. इंग्लंडमध्ये १८९३ पासून ब्रिटन्स कंपनीचे पोकळ शिशाचे सैनिक घरोघरी गेले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने त्यांच्याशी खेळायचे नियम चक्क पुस्तक करून छापले. जादूगार आणि ड्रॅगन या टेबलावर आले ते अमेरिकेत, १९७१ मध्ये. आणि मी जिथे राहते त्या नॉटिंगहॅमचं नाव यात आलं ते 'वॉरहॅमर' या खेळामुळे. तो काढणारी गेम्स वर्कशॉप कंपनी आज इथली असली तरी मूळची लंडनची, १९७५ ची, सुरुवातीला बॅकगॅमनचे पट वगैरे बनवणारी. तिच्याशी जोडलेली सिटाडेल ही मिनिएचर ओतणारी कंपनी. ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली या तिघांनी १९८३ मध्ये वॉरहॅमरची पहिली पेटी काढली. हेतू सरळ व्यापारी होता: लोक एखाददुसरी मूर्ती विकत घेतात, त्यांनी तुकड्याच्या तुकड्या घ्याव्यात. म्हणजे साधा सैनिक हा या खेळाचा पहिल्या दिवसापासूनचा कणा. आणि माझं भांडण नेमकं त्याच्याच वतीने आहे.

आज कुणालाही विचारा, काय रंगवतोयस? उत्तर ठरलेलं: सेनापती. नाहीतर ड्रॅगन, राक्षस, पंख असलेली कुणीतरी बाई. महिनाभर त्या एका मूर्तीवर काम चालतं. झग्याच्या घडीवर सात छटा, तलवारीवर आकाशाचं प्रतिबिंब, डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका. फोटो पडतो, आम्ही सगळे बदाम देतो. आणि त्या सेनापतीचे चाळीस भालाईत? ते कपाटात, राखाडी प्लास्टिक, काहींना अजून हातसुद्धा नाहीत. मग एके दिवशी नवी पेटी निघते, त्यात नवा सेनापती असतो, आणि कपाट आणखी भरतं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर माझी तीसेक गॉब्लिनांची तुकडी वाळत होती. "अगं, ही भुतावळ उचल आधी, मग पानं घेऊ," हे तर झालंच. पण उचलताना त्यांनी एक हातात घेतला, चष्मा वर सरकवून पाहिला आणि विचारलं, "यांच्यातला राजा कुठला?" म्हटलं, "आई, राजा अजून रंगवलाच नाहीये." तर म्हणाल्या, "मग यांना कोण सांभाळतं?" खरं सांगायचं तर कुणीच नाही, आणि गॉब्लिनांचं आकर्षण तेच आहे. त्याकडे येते.

एक सुंदर मूर्ती रंगवणं आणि सैन्य रंगवणं या दोन वेगळ्या कला आहेत. पहिलीला मी कमी लेखत नाही. गोल्डन डीमन ही रंगकामाची स्पर्धा १९८७ पासून चालू आहे, आणि तिथल्या मूर्ती काचेतून बघताना माझीही बोलती बंद होते. पण सैन्याचं गणित निराळं आहे. तिथे आधी रांग दिसते, माणूस नंतर. सगळ्या टोप्यांचा काळा एकसारखा हवा, ढालींचा लाल एकाच डबीतला हवा, पायाखालची जमीन सगळ्यांची एकच हवी. माझं तर ठाम मत आहे की सैन्याचा निम्मा देखणेपणा बेसमध्ये असतो. पायाखालच्या त्या चौकोनी तुकड्यावर वाळू चिकटवा, मातकट तपकिरी मारा, वरून फिकट पिवळसर ड्रायब्रश (म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), गवताचा एक झुबका, आणि कड सगळ्यांची एकाच रंगाची, स्वच्छ. एवढं केलंत तर वरचा गॉब्लिन यथातथा असला तरी तुकडी उठून दिसते. उलट वर कितीही मेहनत घ्या आणि बेस काळा प्लास्टिकचा सोडा, सगळं फुकट.

माझी पद्धत सांगते. दहा-दहा गॉब्लिन जुन्या औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवायचे, म्हणजे धरायला मूठ मिळते. काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. तो वाळला की वरून राखाडी आणि मग पांढऱ्याचा ड्रायब्रश: ब्रशवरचा रंग कागदाला जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरड्या केसांनी उंचवट्यांवरून फिरवायचं. नाक, गालाची हाडं, बोटांचे सांधे आपोआप उजळतात. त्यावर पारदर्शक रंगाचा एक हात. २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे जे रंग आले ते याच कामाचे: खाचेत साचून गडद होतात, उंचवट्यावरून ओघळून फिके राहतात. हिरवी कातडी एका हातात तयार. मग एकाच रंगाने दहाही जणांचे पट्टे, मग दहाही जणांच्या काठ्या. रेडिओ चालू, डोकं बंद. जिथे साधा रंग लावायचा तिथे यूट्यूबवर रंगकाम शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्सने सगळ्या जगाला शिकवलेला मंत्र: पातळ रंगाचे दोन हात. डबीतला जाड रंग थेट थापलात तर मूर्तिकाराने कोरलेलं नाकच बुजतं.

ब्रशबद्दल एक. नवशिके दुकानात जाऊन तीन शून्यांचा, चार केसांचा ब्रश आणतात. बारीक काम म्हणून बारीक ब्रश. त्याच्या टोकावरचा रंग मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. १ क्रमांकाच्या मापाचा, पोटात रंग धरणारा आणि टोक नीट जुळणारा ब्रश घ्या. सायबेरियन मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे ते महाग ब्रश मिळतात, ते सुरुवातीला नकोतच. ड्रायब्रशला तर मेकअपचा स्वस्त गोल ब्रश सगळ्यात उत्तम. हे क्लबातल्या पुरुषांना मी सांगितलं तेव्हा निम्मे जण दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात मेकअपच्या काउंटरपाशी दिसले.

डोळे मी रंगवत नाही. यावरून मला शिव्या पडतात. पण टेबलावरचं सैन्य आपण तीन फुटांवरून बघतो. तीन फुटांवरून २८ मिलिमीटरच्या गॉब्लिनचा डोळा म्हणजे नाकाशेजारची सावली, आणि ती वॉशने, म्हणजे खाचेत साचणाऱ्या पातळ गडद रंगाने, आधीच पडलेली असते. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आठवा: साच्यातला मातीचा, चेहरा म्हणजे गुलाबी गोळा, मिशी एका फटकाऱ्यात. जवळ घेतलात तर हसू येईल, पण अळिवाच्या हिरवळीत, बुरुजाशी उभा केला की काम चोख.

आता त्या न सांभाळलेल्या गॉब्लिनांकडे. जुन्या वॉरहॅमरमध्ये ऑर्क-गॉब्लिनांच्या तुकड्यांना दर खेपेला एक फासा टाकावा लागायचा. एक पडला की तुकडी हुकूम धुडकावून आपसात भांडत बसायची. एल्फ दिसले की गॉब्लिनना धडकी भरते, बुटके दिसले की डोक्यात तिडीक जाते. आणि काळ्या टोपीच्या नाइट गॉब्लिनांच्या रांगेत एखादा फनॅटिक लपवता येतो: अंगात आलेला, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवणारा. शत्रू आठ इंचांच्या आत आला की तो बाहेर पडतो, दोन फाशांवर येईल तितके इंच सुसाटतो आणि वाटेत येईल त्याला चेचतो. त्यानंतर कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसतं. परत फिरून आपल्याच तुकडीतून आरपार जाणं हे अगदी नेहमीचं. असं सैन्य घेऊन तुम्ही स्पर्धा जिंकत नाही. पण समोरचा माणूस, निवृत्त इंजिनियर, चिलखती घोडेस्वारांची शिस्तीत रंगवलेली फळी घेऊन आलेला, माझा फासा थांबेपर्यंत श्वास रोखून बसतो. दोघेही ओरडतो. ही मजा राखाडी प्लास्टिकला येत नाही, आणि त्याला साधं कारण आहे: कुठली तुकडी कुठली ते रंगावरून कळतं, मग ती तुकडी काय केलं त्यावरून लक्षात राहते. लाल ढालीवाले पळाले. पिवळ्या ढालीवाल्यांनी पूल धरून ठेवला. पुढच्या डावात त्यांच्याकडून अपेक्षा वाढते.

वॉरहॅमर ४०,००० मध्ये, म्हणजे यानांच्या आणि बंदुकांच्या जुळ्या खेळात, सैन्य पूर्ण रंगवलेलं असेल तर डावाच्या निकालाच्या शंभर गुणांतले दहा मिळतात. बऱ्याच जणांना हा जुलूम वाटतो. मला लाच वाटते. पण दिलेली लाच योग्य कामासाठी आहे, चालू द्या.

२०१५ ची गोष्ट काढल्याशिवाय हे भांडण पुरं होत नाही. त्या वर्षी कंपनीने वॉरहॅमरचं जुनं जगच कथेत नष्ट केलं आणि 'एज ऑफ सिगमार' आणला: रांगा नाहीत, गोल बेस, सुटे सैनिक, सुरुवातीला गुणांचा हिशोबही नाही. एका सेनानीसाठी नियम असा की तुमची मिशी समोरच्यापेक्षा भारदस्त असेल तर फासे पुन्हा टाका. (क्लबात निदान मला तरी हा सरळ अन्याय होता.) चिडलेल्या एका खेळाडूने आपलं डार्क एल्फ सैन्य जाळल्याचा व्हिडिओ टाकला. लोक म्हणाले, खेळण्यांसाठी एवढं? मला ते पटलं नाही, पण कळलं. नियम काय, बदलत असतात. चौकोनी बेसवर, खांद्याला खांदा लावून उभं राहायला म्हणून वर्षानुवर्षं रंगवलेली ती माणसं होती, आणि कुणीतरी सांगत होतं की आता रांग मोडा. २०२४ च्या जानेवारीत 'द ओल्ड वर्ल्ड' म्हणून रांगा परत आल्या. बऱ्याच तुकड्यांचे बेस तेवढे २० चे २५ मिलिमीटर झाले, म्हणजे जुन्या सैन्याखाली नवे ट्रे, अख्खी तुकडी सरकवायची तबकं, आलेच.

पैशांचं विचारणार आहात, माहीत आहे. महाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप लंडनच्या शंभर बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली, ती काही खिरापत वाटून नाही. पण इथे नॉटिंगहॅममध्येच मँटिक ही दुसरी कंपनी आहे. त्यांचा 'किंग्ज ऑफ वॉर' कुठल्याही कंपनीचे सैनिक चालवून घेतो, आणि तुकडीच्या तुकडी एका बेसवर चिकटवू देतो, कारण त्यात एकेक सैनिक मारून उचलत नाहीत. तुकडीला जखमा मोजतात आणि ती टिकते किंवा पळते. माझ्यासारख्या रांगवाल्यांना हा स्वर्ग आहे. 'फ्रॉस्टग्रेव्ह'मध्ये तर जादूगार आणि त्याची दहाएक माणसं एवढ्यावर भागतं. रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असलेला मित्र असेल तर विचारूच नका. मात्र प्रिंटरवाल्यांचं कपाट सगळ्यात आधी भरतं, हेही पाहिलंय. फुकटात मिळालेला गॉब्लिन रंगवायची घाई कुणाला नसते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दहाच घ्या. एक काळा, एक हिरवा, एक तपकिरी, एक धातूचा, एक वॉश, एक बरा ब्रश. दहा पूर्ण झाले, बेसच्या कडेसकट, की मगच पुढची पेटी. सेनापती शंभराव्या गॉब्लिननंतर.

डिसेंबरात पुण्यात येतेय, दोन छोटी सैन्यं हातातल्या बॅगेत घालून. फासे, टेप, नियम सगळं आणते. कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला कुणाकडे सहा बाय चारचं टेबल असेल तर खाली लिहा. नसेल तर फरशीवर सतरंजी घालू, फक्त घरात मांजर आहे का ते आधी सांगा.