‘अक्का, इथं सही कर’ म्हणण्याआधी

गड्ड्याची यात्रा आली की सोलापूरच्या माहेरवाशिणी घरी येतात आणि त्याच आठवड्यात कपाटातले कागदही बाहेर निघतात. यंदा संक्रांतीला मामानं माझ्या आईसमोर आणि मावशीसमोर हक्क सोडून देण्यासाठी पाचशेचा स्टॅम्प ठेवला. विषय साखर पेठेतलं घर आणि पाठीमागचं विणकामाच्या मागांचं शेड. ‘अक्का, इथं सही कर की, नोटरी करून आणतो.’ मामा वाईट माणूस नाही, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज खरा मानला, एवढंच. मेसेज असा: वडील 2005 च्या आधी वारले असतील तर मुलींना हक्क नाही, उताऱ्यावर ज्याचं नाव त्याचीच मालकी, बहिणींची नोटरी पुरते, वारसाची जागा विकली तर निम्मे पैसे करात जातात, म्हणून रोखीत उरका, शेतजमिनीला करच नाही.

2005 ची गोष्ट सगळ्यात जास्त घरं फोडते, म्हणून ती आधी. आजोबांनी हे घर स्वतःच्या कमाईतून 1974 साली घेतलं आणि 1998 ला मृत्युपत्र न करता ते गेले. अशा मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांचा सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. त्यात 2005 चा काही संबंधच येत नाही. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. तिथंही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की मुलीचा हक्क जन्मानं येतो, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मात्र मोडत नाही. (मुस्लिम कुटुंबांचा वारसा कायदा वेगळा आहे. त्यांनी हा हिशेब लावू नये.)

सिटी सर्व्हेचा उतारा काय नि सातबारा काय, महसुलाची नोंद आहे. एकट्या भावाचं नाव लागलं म्हणून बहिणीचा वाटा जात नाही. आणि नोटरी? स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं.

आता कर. ज्या भीतीनं मामा घाईला आला, ती भीतीच खोटी आहे. वारसानं घर मिळालं म्हणून कर लागत नाही, आपल्याकडचा इस्टेट ड्युटीचा कायदा 1985 लाच गेला. विकल्यावर कर लागतो तो नफ्यावर. जुन्या घराला 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरापेक्षा जास्त नको. समजा ती 4 लाख आणि 2025-26 मध्ये घर 40 लाखांना गेलं. नफा 36 लाख, साडेबारा टक्क्यांनी कर साडेचार लाख, वर उपकर. महागाई निर्देशांकानं जुनी किंमत वाढवून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे, पण इथं तो पाच लाखांजवळ जातो. म्हणजे साडेचार लाखांचे तिघा भावंडांत दीड-दीड लाख. निम्मे म्हणजे वीस लाख कुठं आणि हे कुठं! मावशीला दुसरं उत्पन्न नाही, तिला मूळ सूट (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर नसतो ती) वापरता येते, तिचा कर आणखी कमी. आपल्या वाट्याच्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तर अटी पाळून तेवढा कर वाचतो.

रोखीचा सल्ला तर घातकच. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय कमी किमतीचं खरेदीखत केलं तरी हिशेब सरकारी दरावरही जाऊ शकतो.

शेतजमिनीचं अर्धंच खरं आहे. गावाकडची जमीन करातून सुटते, शहरालगतची नाही. सोलापूरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास, त्यामुळे महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र.

तो स्टॅम्प अजून कोराच आहे. मावशीनं पेन खाली ठेवलं आणि मामाला म्हणाली, ‘आधी 2001 चा दर काढून आण, मग तिघं बसू.’