वाड्याची एरियल

माणसाने आयुष्यात काहीतरी होऊन दाखवावे असे आमच्या घरातील सर्वांचे मत होते, आणि त्या मताचा मान राखून मी वयाच्या बाराव्या वर्षी एरियल झालो. हे पद मी मागितले नव्हते. ते 1985 च्या संक्रांतीला आपण होऊन चालत आले.

नाशिकच्या तिवंध्याजवळ आमचा वाडा होता. वाड्यात सहा बिऱ्हाडे, एक नळ आणि एक मर्फी रेडिओ होता, आणि तो रेडिओ आमच्या अण्णांचा असल्यामुळे कसोटी सामन्याच्या पाच दिवसांत आमच्या बाहेरच्या खोलीवर आमचा हक्क उरत नसे. रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा होता. बटण फिरवल्यावर त्याला जाग यायला जवळजवळ एक मिनिट लागे, आणि तेवढ्या वेळात एखादा गडी बाद होऊन जाईल या धास्तीने अण्णा सामन्याच्या अर्धा तास आधीपासून त्याला तापवत ठेवत. पोस्टात नेऊन शुल्क भरायचे त्याचे परवान्याचे पुस्तक देव्हाऱ्याच्या खणात जन्मपत्रिकांच्या खाली असे. एरियलची, म्हणजे रेडिओच्या लहरी पकडणारी, तांब्याची तार खिडकीतून निघून सज्जाच्या खांबावरून थेट समोरच्या पिंपळापर्यंत गेलेली होती. त्या संक्रांतीला कोणाचा तरी मांजा त्या तारेत अडकला, खालून ओढाओढ झाली आणि तार खांबाशीच तुटली. त्या वेळी मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी चालू होती आणि त्या एका डावात फाउलर आणि गॅटिंग या दोघांनीही द्विशतके ठोकली, हे लक्षात घेता तार तुटणे ही खरे तर देवाची दया होती. परंतु वाड्याला ती समजली नाही.

"जा रे, जोडून ये," असे अण्णांनी फर्मावले. मी सज्जाच्या कठड्यावर चढून तारेचे लोंबते टोक हातात धरले मात्र, आतून एकदम लख्ख आवाज आला. मी टोक सोडले, तशी खरखर. पुन्हा धरले, पुन्हा लख्ख. आत शांतता पसरली आणि मग अण्णांचा आवाज आला, "तिथेच थांब. हलू नकोस." त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी तिथेच होतो. तार जोडून घेण्याचा विषय अधूनमधून निघे. पण पोरगे फुकट असताना तारेवर कशाला खर्च करायचा, हा विचार त्यावर मात करी. न्यायबुद्धीने म्हणून इतरांच्या चाचण्याही घेण्यात आल्या. धाकट्या बहिणीने तार धरली की विविध भारती लागे, आणि पेन्शनर आजोबांनी धरली की काहीच लागत नसे. माझ्या अंगात लोह चांगले आहे, असे आईने शेजारणींना सांगितले.

या सगळ्यात शास्त्रही होते, ते मला पुढे समजले. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा आकाशातल्या खालच्या थरात जिरून जातात, त्यामुळे जमिनीला धरून सरपटत येतील तेवढ्याच आपल्यापर्यंत पोहोचतात. रात्री तो थर विरळ होतो आणि लांबलांबची केंद्रे वरून आदळून परत येतात. म्हणून रात्री आमच्या रेडिओवर कुठले तरी दूरचे केंद्र शेजारच्या खोलीत असल्यासारखे ऐकू येई, आणि दिवसा सुमारे 170 किलोमीटरवरचे मुंबई केंद्र कसारा घाट चढताना धापा टाकी. कसोटी सामना दिवसाच खेळवायचा हा नियम करणाऱ्याने नाशिकचा विचार केलेला नव्हता. त्यात आमची वस्ती तांबट आळीच्या अंगची, त्यामुळे समालोचकाने "बल्ला घुमाया" म्हटले की त्यापाठोपाठ आलेला ठोका बॅटचा की हंड्याचा, हे ठरवायला कान तयार असावा लागे. तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरू लागला की मुंबई केंद्राच्या जागी नुसते घर्रर्र उरे. नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले असा. खरखरीचे मोजमाप आमच्याकडे अण्णांच्या भुवयांवर होत असे.

पेन्शनर आजोबांना मात्र खरखरीचे काहीच वाटत नसे. ते जुने ऐकणारे. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन त्यांनी मन लावून ऐकलेले होते, आणि इंग्रजीचा समालोचक हिंदीच्या समालोचकाकडे सूत्रे सोपवू लागला की ते हमखास म्हणत, "मराठीत असते तर एव्हाना आऊट झाला असता." त्यांच्या बोलण्यात अखेर बापू नाडकर्णी येतच. बापूंचा जन्म नाशिकचा, त्यामुळे आजोबांना ते जवळजवळ वाड्यातलेच वाटत. 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी लागोपाठ 21 षटके निर्धाव टाकली. सलग 131 चेंडूंवर एकही धाव निघाली नाही आणि डावाअखेर त्यांचे आकडे होते 32 षटके, 27 निर्धाव, 5 धावा, शून्य बळी. आजोबांच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी त्यांनी रेडिओ दोनदा थोपटला, एकदा बंद करून पुन्हा लावला आणि शेवटी दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला, कारण "धाव नाही, धाव नाही" एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येत होते आणि त्यांना वाटले की सेटच अडकला आहे. दुरुस्तीवाला आला, त्याने दोन षटके ऐकली, "सेट ठीक आहे, इंग्लंड बिघडली आहे," असे निदान केले आणि आठ आणे घेतले. आठ आण्यांचा हा भाग आजोबा दर वेळी निराळ्या आकड्याने सांगत. बापूंचे आकडे मात्र कधी चुकवत नसत.

एरियल होण्यातली खरी अडचण अशी की एरियलला स्वतःला काही ऐकू येत नाही. मी सज्जात, रेडिओ आत, मध्ये दोन हात जाडीची भिंत आणि खिडकीत दाटीवाटीने बसलेली पाच-सहा डोकी. सर्वांचा सामना माझ्या अंगातून आत जात होता, आणि माझ्या वाट्याला फक्त "अरेरे" आणि "शाब्बास" येत होते. त्यातच गिरणीवाल्या मामांशी तह झाला. मामा क्रिकेटवेडे होते. सामना रंगात आला की गिरणी बंद ठेवायची आणि त्याच्या मोबदल्यात वरून कोणीतरी त्यांना धावसंख्या ओरडून सांगायची, असे ठरले. हे काम ओघानेच माझ्याकडे आले, कारण मी तसाही उभाच होतो. आतून बहिणीने सांगायचे, मी खाली ओरडायचे आणि मामांनी डबे घेऊन बसलेल्या बायकांना ते ऐकवायचे. डोके सोडून माझा सगळा देह आता प्रसारण सेवेत होता.

22 सप्टेंबर 1986, सोमवार. पुन्हा मद्रास, पण या वेळी समोर ऑस्ट्रेलिया. ॲलन बॉर्डरने सकाळी डाव घोषित करून भारतापुढे 348 धावांचे लक्ष्य ठेवले होते. डीन जोन्सने पहिल्या डावात त्या भट्टीसारख्या उकाड्यात 210 धावा काढल्या होत्या आणि नंतर त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते, तेव्हा भारत दिवसभर नुसता तग धरून राहील, असा अण्णांचा अंदाज होता. सकाळची शाळा सुटून मी दुपारी तारेवर रुजू झालो. गावसकर लयीत होता. त्याच्या 80 धावा झाल्या आणि मला उजव्या टाचेला खाज सुटली. मी पाय हलवला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही, मी तो हलवला नाही, तरी तो 90 वर बाद झाला, आणि तरीसुद्धा आतून आवाज आलाच, "हलला असणार कार्टा."

शेवटच्या तासात वाड्यात कोणी श्वास घेत नव्हते. मामांनी गिरणी बंद करून पाऊण तास झाला होता आणि खाली डब्यांची रांग चौकापर्यंत गेली होती. गडी पटापट गेले. शेवटचे षटक उरले, चार धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. फलंदाजीला रवी शास्त्री, दुसऱ्या टोकाला मनिंदर सिंग आणि गोलंदाज ग्रेग मॅथ्यूज. पहिला चेंडू कोरा गेला. दुसऱ्यावर दोन धावा. मी खाली ओरडलो. तिसऱ्यावर एक, धावसंख्या समान झाली. मी ओरडलो तेव्हा माझा आवाज फुटला, वयही फुटण्याचेच होते. चौथा चेंडू मनिंदरने अडवला. नेमक्या त्या क्षणी रांगेतल्या पहिल्या वहिनींचा संयम संपला. "मामा, घरी पाहुणे येऊन बसलेत."

"वहिनी, दोन चेंडू राहिले."

"तुमचे चेंडू होईपर्यंत माझे पाहुणे उपाशी बसवू?"

मामा भला माणूस होता. त्यांनी खटका ओढला. घर्रर्र!

आत एकच कालवा उठला. अण्णा रेडिओच्या अंगावर झेपावले, आजोबा खिडकीतून खाली हात नाचवू लागले, आणि मामांना आपण काय केले ते उमगून त्यांनी गिरणी थांबवली, तोवर रेडिओवर प्रेक्षकांचा प्रचंड गलका आणि त्यावर कोणाचे तरी न समजणारे बोलणे एवढेच चालू होते. तेवढ्यात वीज गेली. आता आतले सगळे माझ्याकडे पाहू लागले, खालचेही सगळे माझ्याकडे पाहू लागले. सामना माझ्या अंगातून गेला होता, तेव्हा त्याचा निकाल मला ठाऊक असलाच पाहिजे, अशी सर्वांची समजूत दिसली. "बोल ना, काय झाले?" असे मामा खालून ओरडले. एक धाव हवी होती, गलका झाला होता, आणि मद्रासचे लोक भारत हरल्यावर इतके कशाला ओरडतील? दबावाखाली चांगले चांगले खेळाडू चुकतात. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "जिंकलो!"

मामांनी पेढे आणले. सराफ बाजारातून आणले आणि अर्धा किलो आणले. वाड्यात, रांगेत, पाहुणेवाल्या वहिनींच्या डब्याच्या झाकणावर, सगळीकडे वाटले. वीज आल्यावर संध्याकाळच्या बातम्यांत कळले की पाचव्या चेंडूवर मनिंदर पायचीत झाला, पंच विक्रमराजूंनी बोट वर केले आणि सामना टाय झाला. 1960 च्या ब्रिस्बेननंतर कसोटीच्या इतिहासात दुसऱ्यांदाच.

यावर वाड्यात जो वाद पेटला तो सामन्याहून लांबला. "बरोबरीत सुटला, म्हणजे अनिर्णित, मी सकाळीच म्हणालो होतो," असे अण्णा म्हणाले. बरोबरीत आणि अनिर्णित या दोन गोष्टी वेगळ्या, वर्तमानपत्रवाले त्यांची खिचडी करतात, असे आजोबांनी ठणकावले. अनिर्णित म्हणजे निकाल लागला नाही, बरोबरीत म्हणजे निकाल लागला आणि तो दोघांचा लागला. हे ऐकून मामा हिशेबाला आले. निकाल दोघांचा असेल तर विजयही निम्माच झाला, मग पेढ्यांचे निम्मे पैसे कोणी द्यायचे? सर्वांच्या नजरा पुन्हा एकदा माझ्याकडे वळल्या. अण्णांनी ते पैसे भरले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी तार आणून स्वतःच्या हाताने खांबाला जोडली. माझी सेवा तिथे संपली. निरोप समारंभ झाला नाही.

पुढे नाशिकला आकाशवाणीचे स्वतःचे एफएम केंद्र आले, आणि नंतर खाजगी केंद्रेही आली. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारतेत साठवलेला असतो, त्यामुळे गिरण्या, मिक्सर, ट्यूबलाइट यांचे त्यापुढे फारसे चालत नाही. आवाज इतका स्वच्छ येऊ लागला की अण्णा काही दिवस बेचैन होते. माझीही सवय मोडली नाही. एकदा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मी महाराष्ट्राचा रणजी सामना पाहायला गेलो. डोळ्यांदेखत गडी बाद झाला आणि मला पत्ताच लागला नाही, कारण कोणी सांगितले नव्हते. शेजाऱ्याने कोपराने ढोसल्यावर मी टाळ्या वाजवल्या.

वाडा आता नाही. आम्ही गंगापूर रोडला सातव्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या इमारतीत मोबाइलची रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तीही ग्रिलच्या बाहेर हात काढला तरच येते. मागच्या आयपीएलमध्ये ऐन सामन्यात घरचे वायफाय बंद पडले, तेव्हा मुलाने माझ्या फोनचे हॉटस्पॉट सुरू करून फोन माझ्या हातात दिला. "बाबा, जरा असा बाहेर धरा. अजून थोडा वर. हां, हलू नका." आत टीव्ही लागला. सगळे जण सोफ्यावर बसले. मी हात बाहेर काढून पार्किंगमधल्या गाड्या पाहत उभा राहिलो.

थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरून एकदम आरडाओरडा झाला. त्यांची केबल आमच्या नेटच्या निदान अर्धा मिनिट पुढे चालते. काय झाले असावे, याचा मला त्या ओरडण्यावरून चांगलाच अंदाज आला.

"बाबा, काय झाले हो खाली?" मुलाने आतून विचारले.

मी काही बोललो नाही.