नोटेवरचे गांधीजी १९४७ पासूनचे नाहीत

भारतीय नोटांविषयीचा एक मजकूर मोबाइलवरून वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा : स्वातंत्र्य मिळताच पंडित नेहरूंनी इंग्लंडच्या राजाचे चित्र हटवून तेथे गांधीजींचे चित्र छापायला लावले, तेव्हापासून नोटेवर दुसऱ्या कशालाही स्थान मिळाले नाही, मुळात ते चित्रही कुणा चित्रकाराने कल्पनेने रेखाटलेले आहे, आणि पुढे जे जे सरकार आले त्याने राजकीय सोयीसाठी नोटांचे रूप पालटले. यांपैकी पहिली तीन विधाने चुकीची आहेत. चौथ्यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याचा विचार अधिक सावकाश करावा लागेल.

पहिले विधान तारखांपुढे टिकत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही काही काळ इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याचे चित्र असलेल्या नोटाच छापल्या जात होत्या, आणि स्वतंत्र भारताच्या नव्या रूपाची पहिली नोट, तीही एक रुपयाची, १९४९ साली निघाली. राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे हा विचार आरंभी झाला होता हे खरे. तशी आरेखनेही तयार करण्यात आली होती. परंतु अखेरीस सारनाथच्या सिंहशीर्षावर एकमत झाले आणि राजाची जागा अशोकस्तंभाने घेतली. हा निर्णय झाला तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते, म्हणजे मजकुरात ज्यांच्यावर ठपका ठेवला आहे त्यांच्याच कारकिर्दीत गांधीजींचे चित्र बाजूला ठेवले गेले. १९६४ मध्ये नेहरूंचे निधन होईपर्यंत गांधीजींचे चित्र असलेली एकही नोट निघाली नाही. ती प्रथम निघाली १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, आणि तिच्यावर सेवाग्रामच्या आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले गांधीजी होते. त्यानंतर ऑक्टोबर १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर त्यांचे चित्र आले, तरी तिच्या कागदातले जलचिन्ह (नोट उजेडासमोर धरल्यावर दिसणारी आकृती) सिंहशीर्षाचेच होते. दहापासून वरच्या नोटांवर सरसकट गांधीजी दिसू लागले ते १९९६ साली सुरू झालेल्या मालिकेपासून, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

दुसऱ्या विधानाला उत्तर द्यायला चाळिशी ओलांडलेल्या कुणाचीही आठवण पुरेशी आहे. दहाच्या नोटेवरचे शिडाचे जहाज आणि नंतरचा मोर, विसाच्या नोटेवरचे कोणार्कचे चक्र, पाचाच्या नोटेवरचा ट्रॅक्टर, शंभराच्या नोटेवरचे हिराकुड धरण हे सारे याच देशाच्या नोटांवर होते. दोनाच्या नोटेवर ‘आर्यभट’ होता, पण तो प्राचीन गणिती नव्हे, तर १९७५ मध्ये सोडलेला उपग्रह. या नावामुळे अनेकांची गल्लत होते. १९५४ साली हजाराच्या नोटेवर तंजावरचे मंदिर आणि पाच हजाराच्या नोटेवर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया छापले गेले होते. आजही विसाच्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत.

तिसऱ्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नोटेवरचे गांधीजी १९४६ मधील एका छायाचित्रातून घेतलेले आहेत. दिल्लीत व्हाइसरॉयच्या निवासस्थानी, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, टिपलेल्या त्या छायाचित्रात त्यांच्या शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. नोटेसाठी गांधीजींचा चेहरा तेवढा उचलला गेला.

आता चौथे विधान. नोटांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यांचे रूप पालटण्यात राज्यकर्त्यांइतकाच, किंबहुना अधिक वाटा बनावट नोटा करणाऱ्यांचा आणि टंचाईचा आहे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या, एकाच बाजूने छापलेल्या नोटा काढल्या. त्यांची नक्कल होऊ लागल्याने १८६७ पासून त्या बदलाव्या लागल्या, आणि बदललेल्या नोटांवर राणीचे चित्रच नव्हते. १९१७ मध्ये एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट निघाली, ती पहिल्या महायुद्धात नाण्यांसाठी चांदी पुरेना म्हणून. नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत असत. १९२८ पासून ते काम नाशिकच्या छापखान्यात सुरू झाले. १९६७ मध्ये नोटा आकाराने लहान झाल्या त्या काटकसरीपोटी. १९८७ ची पाचशेची नोट वाढत्या महागाईत नोटांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी आली.

१९९६ च्या मालिकेकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. रंगीत प्रती काढणारी यंत्रे सुधारत चालली होती आणि जुन्या नोटांतील खुणा अपुऱ्या पडत होत्या. म्हणून नवे जलचिन्ह, कागदात मधूनमधून लपणारा आणि मधूनमधून वर दिसणारा सुरक्षा धागा, नोट तिरपी धरल्यावरच दिसणारा आकडा आणि अंध व्यक्तींना बोटांनी ओळखता येईल अशी उठावाची खूण, हे सारे तिच्यात आले. माणसाच्या चेहऱ्यातला किंचित बिघाडही पाहणाऱ्याला खटकतो, दगडी सिंहाच्या आयाळीतला सहसा खटकत नाही. ओळखीच्या चेहऱ्याचा असा व्यावहारिक उपयोग आहे. मात्र चेहरा ही काही हमी नव्हे, हे व्हिक्टोरियाच्या नोटांनीच दाखवून दिले होते.

राजकारण नोटेपर्यंत पोहोचतच नाही, असा माझा दावा नाही. १९५३ पासून हिंदीला ठळक स्थान देणे हा राजकीय निर्णय होता (त्या वेळी ‘रुपया’चे अनेकवचन कसे करावे यावर चर्चा होऊन ‘रुपये’ ठरले), आणि २०१६ पासूनच्या नोटांच्या मागे सरकारच्या स्वच्छ भारत मोहिमेचा चष्मा घोषवाक्यासह छापला जातो, त्याला सुरक्षेचे कारण देता येणार नाही. तरीही हे काम एका माणसाच्या लहरीवर चालत नाही. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४, याच्या २५ व्या कलमानुसार नोटेचे आरेखन, स्वरूप आणि कागद यांविषयी शिफारस बँकेचे केंद्रीय मंडळ करते आणि त्या शिफारशीचा विचार करून केंद्र सरकार मान्यता देते. एक रुपयाची नोट मात्र या चौकटीबाहेर आहे : ती भारत सरकार काढते, तिच्यावर गव्हर्नरऐवजी वित्त सचिवांची सही असते, आणि २०१५ पासून छापल्या जाणाऱ्या तिच्या नव्या रूपावर गांधीजींचे चित्र नसून रुपयाचे नाणे आणि समुद्रात तेलविहिरी खोदणारा ‘सागर सम्राट’ हा फलाट आहे.