चार कोन जुळले, तरी आकार जुळत नाही

नमस्कार सर,

(गणित शिकवता असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सर म्हणतो.) समरूपतेवरच्या (आकार तोच, माप लहान-मोठं) माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही. मधूनच वाचायला आलेल्यांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला: संगत कोन समान असले की आकृत्या समरूप होतात, बाजूंचं गुणोत्तर आपोआप येतं, मग त्याचं वेगळं लांबण मी कशाला लावलं? दुसरा: ‘लांबी दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट’ हे मी चौरस काढून दाखवलं आणि तेच कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराला लागू आहे असं ठोकून दिलं. तिसरा जरा झोंबला: ‘मोठं केलं म्हणजे मोठं झालं, यात समजून घेण्यासारखं आहे काय?’

पहिल्या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही. को-को कसोटी (दोन संगत कोन समान, की आकृत्या समरूप) त्रिकोणाची आहे. ती इतक्या वेळा घोकली जाते की बोलताना ‘त्रिकोण’ हा शब्द गळून पडतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

कागदावर एक त्रिकोण काढा. त्याचा पाया मूळ दिशेला समांतर ठेवून खाली सरकवा. बाकीच्या दोन बाजू त्याला भिडेपर्यंत वाढवाव्या लागतील. कोन तेच राहिले. आता डावी बाजू दीडपट झाली असेल तर उजवीही दीडपटच होणार आणि पायाही दीडपटच. तिथे तुम्हाला निवडायला काही शिल्लकच नाही. तीन बाजूंच्या आकृतीत कोन ठरले की सगळंच ठरतं, फक्त आकृती केवढी हवी तेवढं सांगायचं राहतं.

आता हाच उद्योग आयतावर करा. उजवी बाजू समांतर ठेवून उजवीकडे सरकवा. वरची आणि खालची बाजू लांबली, पण डावी-उजवी होती तेवढीच राहिली. चारही कोन काटकोनच. असंच सरकवत राहिलात तर चौरसाची लांबलचक पट्टी होते आणि एकाही कोनाला त्याचा पत्ता लागत नाही. पंचकोन, षट्कोन, कशातही एखादी बाजू अशी समांतर सरकवता येते, आणि दरवेळी कोन तेच राहून आकार बदलतो. उलट बाजूनेही फसगत ठरलेली: चौरस आणि कलंडलेला समभुज चौकोन घ्या. बाजूंचं गुणोत्तर चारही जागी तंतोतंत सारखं, कोनांचा मात्र मेळ नाही. म्हणून चौकोनाला दोन्ही अटी लागतात. त्या मी हौसेने वेगळ्या सांगितलेल्या नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेत जाता जाता आलेलं एक वाक्य मला या तिन्ही आक्षेपांपेक्षा महत्त्वाचं वाटलं: ‘चारी बाजूंनी सारखं वाढवलं की आकार तोच राहतो.’ हे इतकं पटण्यासारखं आहे की भल्याभल्यांना खरं वाटतं. ३० बाय २० सेंटीमीटरचा फोटो घ्या. त्याला चारी बाजूंनी ५ सेंटीमीटरची पट्टी लावा. बाहेरचं माप झालं ४० बाय ३०. आतल्या आयताचं गुणोत्तर ३:२, बाहेरच्याचं ४:३. वाढ अगदी ‘सारखी’ केली होती, दोन्हीकडे १०-१० सेंटीमीटर, आणि आकार बिघडला तो त्यामुळेच. लांब बाजूला १० मिळाले तर आखूड बाजूला त्याच्या दोन तृतीयांशच मिळायला हवे होते. समरूपतेत मिळवायचं नसतं, गुणायचं असतं.

गंमत अशी की तीच सारख्या रुंदीची पट्टी त्रिकोणाभोवती लावली, तर बाहेरचा त्रिकोण आतल्याशी समरूपच निघतो, त्रिकोण कितीही तिरपागडा असो. पट्टीने बाजू समांतर ठेवल्या, म्हणून कोन तेच राहिले, आणि त्रिकोणाला तेवढं पुरतं. त्रिकोण असा लाडावून ठेवतो. शाळेत समरूपता जवळपास सगळी त्रिकोणांवर शिकवली जाते, मग त्रिकोणाच्या सवलती सगळ्या आकृत्यांना आहेत असं वाटू लागतं.

खरं तर बाजू आणि कोन या भाषेतच मुळात अडचण आहे. वर्तुळाला बाजू कुठली? झाडाच्या पानाला कोन कुठले? म्हणून मी लेखात म्हटलं होतं ते पुन्हा म्हणतो: पहिल्या आकृतीतले कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातलं अंतर मोजा, दुसऱ्या आकृतीतल्या संगत बिंदूंमधलं अंतर मोजा. दरवेळी गुणोत्तर एकच येत असेल तर आकृत्या समरूप. एकच संख्या, आणि ती सगळ्या अंतरांना लागू. बाजूच नाही, कर्ण, मध्यगा, परिमिती, सगळं त्याच संख्येने गुणलं जातं.

या व्याख्येने सगळी वर्तुळं समरूप ठरतात, त्यात नवल नाही. नवल याचं आहे की सगळे पॅराबोलाही समरूप असतात. य = क्ष² आणि य = ४क्ष² यांचे आलेख शेजारी काढले की दुसरा चिंचोळा दिसतो, आणि वर्गात आपण ‘हा अरुंद, तो पसरट’ असं बिनदिक्कत म्हणतो. पण पहिल्या आलेखावरच्या प्रत्येक बिंदूचे दोन्ही आकडे चारने भागून बघा. (४, १६) हा बिंदू (१, ४) वर येतो, (२, ४) हा (अर्धा, १) वर. दोन्ही दुसऱ्या आलेखावरचेच! दोघांचा आकार एकच, आपण त्याचे कमी-जास्त तुकडे बघतो एवढंच. लंबवर्तुळांना हे भाग्य नाही, ती गोलसर किंवा चपटी असतात आणि नुसत्या लहान-मोठ्या करण्याने एकमेकांवर बसत नाहीत.

आता क्षेत्रफळ. हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा होता, आणि फार थोडे विचारतात. वेडावाकडा डाग घ्या, ज्याला कुठलंच सूत्र लागत नाही असा. त्यावर आलेख कागदासारखी चौकटींची जाळी टाका. काही चौकटी पूर्ण डागाच्या आत, काही कडेवर अर्ध्यामुर्ध्या. आता डाग जाळीसकट तिप्पट करा. आत किती चौकटी होत्या तो आकडा बदलला नाही, कडेवरच्यांचाही नाही, पण प्रत्येक चौकट स्वतः नऊपट झाली. तेव्हा आतल्या चौकटींचं क्षेत्रफळ नऊपट, आणि आतल्या अधिक कडेवरच्या धरून येणारंही नऊपट. डागाचं खरं क्षेत्रफळ या दोहोंच्या मध्ये अडकलेलं. जाळी बारीक करत गेलात की कडेवरच्या चौकटींचं एकूण क्षेत्रफळ हवं तेवढं कमी होतं, आणि मधल्या आकड्याला नऊपट होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चौरसाचं उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी, की प्रत्येक आकार शेवटी बारीक चौरसांनीच मोजला जातो.

झेरॉक्सच्या मशीनवर हे रोज घडतं. ए-४चं पान ए-३वर मोठं करायचं तर मशीन १४१ टक्के दाखवतं. कागद तर दुप्पट आहे, मग २०० का नाही? कारण टक्के लांबीचे आहेत आणि दुप्पट झालंय ते क्षेत्रफळ. १.४१ गुणिले १.४१ म्हणजे जवळजवळ २. खरंच २०० टक्के दाबलंत तर चित्राला ए-२चा कागद लागेल, म्हणजे चार ए-४.

तेही जमतं ते या कागदांची मापं तशी बेतली आहेत म्हणून. ए-४ आहे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि हे गुणोत्तर २च्या वर्गमुळाएवढं. असा कागद लांबीच्या मध्यावर दुमडला की अर्ध्या कागदाचा आकार मूळचाच राहतो. दुसरं कुठलंही गुणोत्तर घ्या, हे होत नाही: ३० बाय २०चा कागद दुमडला तर २० बाय १५ होतो, ३:२चं ४:३. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्गने १७८६ साली एका पत्रात या गुणोत्तराची सोय लिहून ठेवली होती, आणि जर्मनीत १९२२ साली त्यावर कागदाच्या मापांचं मानक निघालं.

राहिला तिसरा आक्षेप. ‘यात आहे काय?’

टोक खाली असलेलं शंकूच्या आकाराचं भांडं घ्या, उंची १० सेंटीमीटर. त्यात ५ सेंटीमीटरपर्यंत पाणी भरा. पाण्याचा शंकू भांड्याच्या शंकूशी समरूप, प्रमाण निम्मं. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, उंची निम्मी, म्हणजे घनफळ एक अष्टमांश. अर्धं दिसणारं भांडं सात अष्टमांश रिकामं आहे. खरोखर अर्धं भरायचं तर पाणी साधारण ७.९ सेंटीमीटरपर्यंत चढावं लागतं. म्हणजे निम्मं पाणी वरच्या जेमतेम २.१ सेंटीमीटरात मावतं! वर्गात हे करून बघा, आधी अंदाज विचारा आणि मगच पाणी ओता.

गॅलिलिओने १६३८ साली हाच हिशेब हाडांना लावला. प्राणी सगळीकडून तिप्पट केला तर वजन २७ पट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ नऊपटच. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर तिप्पट भार येतो. म्हणून त्याने काढलेल्या चित्रात मोठ्या प्राण्याचं हाड लहान हाडाशी समरूप नाही, लांबीच्या मानाने बेढब जाड आहे. भूमिती आकार तोच ठेवायला तयार असते, हाड तयार नसतं.

आणि भूमितीही प्रत्येक ठिकाणी तयार असते असं नाही. उत्तर ध्रुवावरून विषुववृत्तापर्यंत सरळ खाली या, विषुववृत्तावर ९० अंश चाला, मग पुन्हा सरळ ध्रुवाकडे जा. तीन काटकोनांचा त्रिकोण झाला, प्रत्येक बाजू सुमारे १०,००० किलोमीटर. आता याच कोनांचा लहान त्रिकोण पृथ्वीगोलावर काढून दाखवा. निघत नाही. गोलावर कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जितकी जास्त तितकं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे कोन ठरले की आकारमानही ठरून गेलं. तिथे को-को-को (तिन्ही कोन समान) ही एकरूपतेची, म्हणजे आकार आणि माप दोन्ही तेच असण्याची, कसोटी आहे. त्रिकोणाचा आकार तोच ठेवून त्याला लहान-मोठं करता येणं ही सपाट पृष्ठभागाची मिरास आहे. इंग्रज गणिती जॉन वॉलिसने १६६३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात दाखवलं, की कुठल्याही त्रिकोणाशी समरूप, हवा तेवढा मोठा त्रिकोण काढता येतो एवढं मान्य केलं, तर त्यातून युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, अशा अर्थाचं) सिद्ध करता येतं. ‘मोठं केलं म्हणजे मोठं झालं’ हे तुमचं वाक्य त्याला सिद्ध करता आलं नव्हतं, ते धरूनच चालावं लागलं.