सावित्रीबाई दोन मिनिटांत आटपाव्यात, ही विनंती

येत्या ३ जानेवारीला आपल्या शाळेत सावित्रीबाई फुले यांची जयंती थाटात साजरी करावयाची असेल, तर यंदा अशाच एका शाळेत वक्ता म्हणून बसून आलेल्या या बाईचा सल्ला अवश्य ऐकावा.

प्रथम फ्लेक्स छापावा. त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा असावा आणि उरलेल्या कोपऱ्यात सावित्रीबाईंचा.

चार मुलींना नऊवारी नेसवून, ठसठशीत कुंकू लावून, हाती पुस्तक देऊन उभे करावे. पुस्तक कोणतेही चालते. मी पाहिले ते आठवीच्या गणिताचे होते.

इतिहास भिडेवाडा, १८४८ आणि शेणाचे गोळे एवढ्यावरच थांबवावा. ताराबाई शिंदे यांचे १८८२ चे ‘स्त्रीपुरुष तुलना’ व्यासपीठावरून वाचू नये, कारण समोर पुरुष पाहुणे बसलेले असतात. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असे १८८७ मध्ये बजावणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे तर नावही काढू नये. मुलींना भलते सुचते.

वक्त्याला बोलवावे, मात्र बोलू देऊ नये. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. ‘आमचा धर्म तरी कोणता?’ असे थेट देवाला विचारणारी ही मुलगी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती, म्हणजे समोर बसलेल्या नववीच्या मुलींच्याच वयाची, म्हणून तो निबंध वाचून दाखवावा असे मी ठरवले होते. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर मुली उन्हात बसल्या होत्या. मग शाली, नारळ, पुन्हा शाली. मग ‘स्त्री ही माता असते, भगिनी असते’ यावर पाहुण्यांची पंचवीस मिनिटे. मी उभी राहून पहिला परिच्छेद संपवते न संपवते तोच चिठ्ठी आली: ‘ताई, सावित्रीबाई दोन मिनिटांत आटपा, साहेबांना पुढचा कार्यक्रम आहे.’ साहेबांना! ज्यांनी त्या बाईंची एक ओळ कधी वाचली नसेल, त्यांना!

अहो, ती बाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवते, त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी मरते, आणि तुम्हाला तिच्यासाठी दहा मिनिटे सापडत नाहीत? तिने लिहिलेल्या कविता तुमच्या ग्रंथालयात आहेत का, हे विचारले तर कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे होती. कार्यक्रम संपल्यावर मुलगे क्रिकेट खेळायला पळाले, आणि नऊवारीचा काष्टा सावरत मांडवातल्या खुर्च्या उचलत होत्या त्या चार सावित्रीबाई. तुम्ही सगळे पाहत उभे होता. एका शालीच्या पैशांत मुक्ताच्या निबंधाच्या शंभर प्रती निघतील, त्या काढा. ते कपाट उघडा. आणि खुर्च्या मुलग्यांना उचलायला लावा.