फुटाफुटी

मराठीत मुलगा वयात येतो म्हणजे त्याला एकामागून एक काहीतरी फुटत जातं. आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, तोंडावर पुटकुळ्या फुटतात आणि एखादं उलट उत्तर दिलं की "शिंगं फुटली का रे तुला?" अशी चौकशीही होते. माझी ही फुटाफुटी तेराव्या वर्षी सुरू झाली.

पहिला मान पायांचा. घर बांधताना कुणी आधी गच्ची घालत नाही, पण शरीराला एवढाही पोच नसतो. आधी हातापायांचे पंजे वाढतात, मग हातपाय लांबतात आणि धड सगळ्यांच्या मागून रमतगमत येतं. वाढीच्या ऐन भरात मुलाची उंची वर्षाला ९-१० सेंटीमीटरनं वाढते. ही बातमी माझ्या मेंदूपर्यंत पोचलेलीच नव्हती. तो जुन्याच मापानं पाय टाकायचा आणि पलंगाचा कोपरा माझ्या करंगळीची रोज भेट घ्यायचा.

मग आवाज. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. शास्त्र असं एका वाक्यात सांगून मोकळं होतं. माझा आवाज घसरगुंडीवरून खाली यायचा आणि मध्येच आठवण आल्यासारखा पुन्हा वर पळायचा. एकदा मावशीचा फोन आला. मी "हॅलो" म्हणालो. "ताई, घसा बसलाय का गं तुझा?" मी म्हटलं, "नाही, बोला." लगेच तिकडून, "अय्या, भावोजी होय!" एका फोनमध्ये मी आईही झालो आणि बाबाही. घरात तिसरंही कुणी असू शकेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्याही फारसं येत नसे.

पण हे सगळं चारचौघांत सांगण्यासारखं तरी होतं. खरी गंमत, म्हणजे आता गंमत, शर्टाच्या आत होती.

एका संध्याकाळी शर्ट काढताना डाव्या स्तनाग्राखाली काहीतरी दुखलं. चाचपून पाहिलं तर बटणाएवढी टणक गाठ. आठवड्याभरात उजवीकडेही तिची बहीण आली. मी रात्रभर जागून दोन निष्कर्ष काढले. एक, आपल्याला कॅन्सर झालाय. दोन, आपण मुलगी होतोय. देवाकडे नक्की काय मागावं हेच ठरेना, कारण पहिल्यासाठी केलेला नवस दुसऱ्याला लागू होईल का, ही शंका होती.

तेव्हापासून माझ्या हाताची घडी जी बसली ती बसलीच. उकाड्यात शर्टाखाली बनियन, बनियनखाली आणखी एक बनियन. दप्तर पाठीवरून छातीवर आलं. पोहायला चला म्हटलं की मला सर्दी. सरांना वाटलं पोरगं विचारी झालं, आजीला वाटलं उर्मट झालं. आईला काही सांगावं तर सुरुवात कुठल्या शब्दानं करायची? बाबांशी आमचं बोलणं गुणपत्रिकेपुरतं.

शेवटी तापानं सोडवलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नेमका तिथेच टेकवला आणि मी "आई गं" असा ओरडलो. "आई" खालच्या सप्तकात, "गं" वरच्या. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना बाहेर बसायला सांगितलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. म्हणाले, "वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना हे होतं. संप्रेरकांचा तोल थोडे दिवस इकडेतिकडे होतो. काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत आपोआप जातं. नाहीच गेलं किंवा वाढत राहिलं तर ये."

निम्म्या! दुसऱ्या दिवशी वर्गात मी प्रत्येक हाताची घडी संशयानं पाहिली.

मिशीबद्दल फार बोलत नाही. ती आधी वरच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांत उगवते आणि मधली जागा रिकामी ठेवते. वर्षभर माझ्या तोंडावर नुसती अवतरणचिन्हं होती, मजकुराचा पत्ता नव्हता.

आणि या सगळ्यावर कळस, दहावीचा वर्गाचा फोटो. त्या दिवशी सकाळी नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी उगवली. लाल, भरदार, दिव्यासारखी. सगळं जग तिच्याकडेच बघतंय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. या भासाला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव देऊन ठेवलंय, हे मला तिशीनंतर कळलं. महत्त्वाच्या गोष्टी अभ्यासक्रमात नसतातच.

परवा एका जुन्या वर्गमित्राकडे तो फोटो निघाला. मी आधी स्वतःला शोधलं. शेवटून दुसरी रांग, हाताची घडी. नाक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. पुटकुळी सापडेना.

"अरे, माझी ती नाकावरची पुटकुळी दिसते का बघ. आठवते ना?"

"कसली पुटकुळी?" त्यानं फोटो माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ते सोड. माझे कान बघ. वर्षभर तुम्ही सगळे माझे कानच बघत होतात ना रे?"