दुबारा म्हणायला काय हरकत आहे?

परवा इथे बडोद्यात, दांडिया बाजारात कवितावाचनाला गेलो होतो. नऊ कवी, अडीच तास. त्यातला पाऊण तास तरी निवेदकाने खाल्ला असेल. आधी दुसऱ्याच कुणाचे दोन शेर, मग कवीचा परिचय, मग परिचयात सांगायचं राहून गेलेलं. हे नेहमीचंच आहे, त्यावर नाही लिहीत. (लिहिलंच की.)

सातव्या नंबरावर एक मुलगी उठली, पंचविशीची असेल. मोबाइलवरून वाचत होती. पहिली ओळ अशी काहीशी: आज फरशी पुसताना कुणाला ‘पाय वर घ्या’ म्हणावं लागलं नाही. मनात म्हटलं, चला, घरकामाची कविता. पुढे छताच्या चार कड्या आल्या, तेलाची कुपी आली, आजीचा झोके घ्यायचा हिंचका उतरवून दिल्याचं आलं आणि तेवढ्यात माइक गेला. तिने शेवट तसाच वाचला. मी दुसऱ्या रांगेत होतो, मला सगळं ऐकू आलं. मागचे मात्र ओरडले, “परत वाचा, पहिल्यापासून!”

पाच मिनिटं ‘हॅलो हॅलो’ झालं आणि तिने परत सुरुवात केली. आज फरशी पुसताना कुणाला ‘पाय वर घ्या’ म्हणावं लागलं नाही. आता मला हिंचक्याचं ठाऊक होतं, आणि त्यावर बसून पाय वर घेणारी आजी गेल्याचंही. पोटात खड्डाच पडला. मघाशी हीच ओळ चालू असताना मी चहाला किती वेळ आहे ते बघत होतो!

तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय: मुक्तछंदातली कविता दोनदा वाचायला हवी. मुद्दाम, माइक चालू असताना.

बाकी सगळीकडे ही सोय आहे. आपल्याच सयाजीरावांच्या दरबारातले फैयाज खाँसाहेब दोन ओळींची बंदिश किती वेळ घोळवत असतील! मुशायऱ्यात ‘दुबारा, दुबारा’ झाल्याशिवाय शायरालाही चैन पडत नाही. माधव जूलियन इथलेच, जन्म बडोद्याचा, १८९४चा. त्यांच्या रविकिरण मंडळाने गावोगाव कविता गाऊन दाखवल्या. गायचं म्हटलं की धृपद परत येणारच. छंद सुटला, चाल सुटली, ते बरंच झालं म्हणतो मी. पण त्यांच्याबरोबर परत ऐकण्याची सोयही गेली, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. छापलेल्या कवितेचं पान मागे उलटता येतं. हॉलमध्ये बसलेल्याने काय उलटायचं?

यावर आमच्या एका मित्राचं म्हणणं, “म्हणजे भिकार कवितासुद्धा दोनदा ऐकायची?” हो, ऐकायची. भिकार आहे हे कवीलाही दुसऱ्या वेळी कळेल. आणि दोनदा वाचायचीय म्हटल्यावर माणूस घरून सहा कविता घेऊन येणार नाही, एकच आणेल.

मध्यंतरात एका काकांनी त्या मुलीला गाठलं. “छान हो, पण मराठीत हिंचका नाही, झोपाळा म्हणा.” ती म्हणाली, “काका, आमच्याकडे हिंचकाच होता.” अहो काका, तुमच्या घरी तरी काय म्हणतात? बडोद्यात चार पिढ्या काढून झोपाळ्यावर बसणारा मराठी माणूस मी तरी बघितलेला नाही. तिने तो शब्द बदलला असता तर आजी थेट पुण्याची झाली असती!

निघताना आयोजकांना म्हटलं, पुढच्या वेळी चारच कवी बोलवा, प्रत्येकाला एक कविता, दोनदा. त्यांनी मान डोलावली. कल्पना आवडली म्हणाले. फक्त पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून झालीय.

अकरा नावं आहेत.